पंक्चर-वही: मे ते सप्टेंबर

१० मे

गेल्या महिन्यात बुटीबोरीहून नागपूरला येताना माझ्या गाडीचं मागचं चाक बसलं. ऊन असं की हँडलला हात लावू देईना. गाडी ढकलत ढकलत एका दुकानापर्यंत नेली. दुकानदाराने साबणाचं पाणी मारलं, चाक फिरवलं आणि म्हणाला, "चार आहेत." मी त्याच्याच माठातलं पाणी पिण्यात गुंग. चार पंक्चरचे पैसे मोजले नि घरी आलो. रात्री गच्चीवर पडल्या पडल्या डोक्यात आलं, टायरमधून खिळा तर एकच निघाला होता. मग बाकीची तीन भोकं कुठून आली? बुडबुडे दाखवताना टोचा त्याच्या हातातच होता. असो. सिद्ध काही करता येत नाही आणि भांडायला तीस किलोमीटर जायची हौस नाही.

तेव्हा ठरवलं, घरच्या तिन्ही गाड्यांचं पंक्चर आपणच काढायचं. बाबांची जुनी स्प्लेंडर: स्पोकची चाकं, आत ट्यूब, टायर २.७५-१८. माझी दीडशे सीसी: अलॉय, ट्यूबलेस, मागे १००/९०-१७. हिची स्कूटर: ट्यूबलेस, दहा इंची. म्हणजे विद्या दोन शिकायच्या. ट्यूबलेसला बाहेरून स्ट्रिप ठासायची, ट्यूबला चाक उघडून पॅच लावायचा. स्पोकच्या साध्या रिमला ट्यूब लागतेच, कारण प्रत्येक स्पोकसाठी रिमला भोक असतं आणि हवा तिथून निघून जाते.

सामान आणलं: रीमर, स्ट्रिप घालायची सुई, स्ट्रिपचं पाकीट, सुलेशनच्या (पॅच चिकटवायच्या रबरी द्रावणाच्या) दोन ट्यूब, पॅच, तीन टायर लिव्हर, पायपंप, हवा मोजायचं गेज. बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "पन्नास रुपयाचं पंक्चर वाचवाले एवढं सामान घेतलं काय रे?" उत्तर नव्हतं, म्हणून वही सुरू केली.

१४ मे

थेट गाडीवर हात साफ करायची हिंमत नव्हती. आमच्या मानेवाड्यात कडुनिंबाखाली एक काका पंक्चरचं दुकान मांडून बसतात. त्यांच्याकडून एक भंगारातला ट्यूबलेस टायर मागून आणला. पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "दुकान टाकून राहिले का भाऊ?"

टायरला खिळा ठोकून पाच भोकं पाडली. रीमर म्हणजे टी-आकाराच्या मुठीचा काटेरी सळा. तो स्क्रूसारखा पिळत आत घालायचा आणि दोन-चार वेळा आतबाहेर करायचा, म्हणजे भोकाच्या कडा खरखरीत होतात. खिळा ज्या तिरपेपणाने घुसला त्याच तिरपेपणाने. सरळ घातला तर रबरात दुसरीच वाट पडते, आणि जुन्या वाटेने हवा जातच राहते. माझं तिसरं भोक असंच वाया गेलं.

स्ट्रिप म्हणजे डांबरात बुडवलेल्या सुतळीसारखी चिकट दोरी. सुईच्या नाकात मधोमध ओवायची, वर थोडं सुलेशन लावायचं आणि दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहीपर्यंत दाबायची. मग झटक्यात सुई ओढायची. पहिल्यांदा मी दबकत, जपून ओढली, तर स्ट्रिप सुईसोबत माघारी आली. झटका दिला की सुईच्या नाकाच्या फटीतून स्ट्रिप सुटते आणि आतच राहते.

मग पक्कड आणि करवत घेऊन टायर आडवा कापला. आतून पाहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला. स्ट्रिपचा फास आतल्या बाजूला गाठीसारखा फुगून बसला होता. हवेचा दाब त्या गाठीला भोकाकडे ढकलतो, म्हणून ती टिकते. बाहेरची टोकं दिसायला वाईट, पण ती अगदी टायरच्या बरोबरीने कापू नयेत, तीन-चार मिलिमीटर ठेवावीत. गाडी चालली की आपोआप दबतात. आणखी एक: खिळा सगळं सामान हाताशी मांडल्यावरच काढायचा. खिळा हेच तोवरचं बूच.

२५ मे, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू

पहिलं खरं गिऱ्हाईक. सकाळी साडेआठला ही पोर्चमधून ओरडली, "अहो, मागचं चाक बसलंय, आणि मला उशीर होऊन राहिला. प्रयोग नका करू, रिक्षा बोलवा." रिक्षा बोलावली, प्रयोगही केला.

टायरच्या मधोमध फर्निचरचा स्क्रू, डोकं घासून चकचकीत झालेलं. पाच मिनिटांत काम झालं असतं, पण सुलेशनची ट्यूब उघडली तर आतून रबराचा घट्ट गोळा निघाला. मागच्या वेळी टोपण नीट लावलं नव्हतं आणि पेटी ठेवली होती गच्चीच्या जिन्यात. नागपूरच्या मे महिन्यात तिथे पापड भाजून निघतील. दुसरी ट्यूब बरी होती. ती आता फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी. यावर घरात जे बोलणं झालं ते नोंदीत घेत नाही.

स्ट्रिप बसली, साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा नाही. वॉलच्या (हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या) तोंडावर थुंकी लावून तिथलीही हवा तपासली (काका असंच करतात, आणि पंक्चर समजून आलेल्या कित्येक गाड्यांची नुसती पिनच सैल निघते म्हणतात).

दुपारी सहज गेज लावलं. सकाळी माझ्या गाडीत ३० पीएसआय भरली होती. उन्हात उभी राहिलेली तीच गाडी साडेतीनला ३३ दाखवत होती. गडबड काही नाही, हवा तापली की दाब वाढतो. वीस अंशांच्या फरकाला साधारण तीन पीएसआय. स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. दुपारी भर उन्हात "जास्त भरली" म्हणून हवा सोडली तर सकाळी टायर कमी हवेवर पळतो, आणि कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. म्हणजे हवा सकाळीच मोजायची.

८ जून

माझ्या टायरवरच्या त्या चार स्ट्रिपांवर भरवसा नाही, म्हणून आठवडाभर बाबांची स्प्लेंडर घेऊन बुटीबोरीला ये-जा करतोय. आज तिचंच मागचं चाक बसलं.

चाक काढण्यात पाऊण तास. ब्रेकचा रॉड, टॉर्क आर्म, चेन ॲडजस्टर, एक्सल. चेन ॲडजस्टरच्या खुणा कितव्या रेघेवर होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. या एका गोष्टीसाठी मी स्वतःची पाठ थोपटतो.

टायर उघडताना जोर लावून उपयोग नाही, हे तासभर जोर लावल्यावर कळलं. रिमच्या मध्ये एक खोलगट पन्हळ असते. एका बाजूची टायरची कड गुडघ्याने दाबून त्या पन्हळीत उतरवली की समोरच्या बाजूला टायर सैल होतो आणि लिव्हर लोण्यात जावा तसा जातो. मी आधी सगळीकडून ओढत होतो, टायर तिथल्या तिथे. बाबा खुर्ची टाकून बघत बसले होते. "ताकद लावून राहिला, डोकं नाई लावून राहिला."

ट्यूब परातीत बुडवली, बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. भोकाला पेनाने गोल केला, पॉलिश पेपरने घासलं, सुलेशन, पॅच, वरून हातोडीच्या दांड्याने दाबलं. परत बसवली, हवा भरली, आणि हवा थांबेना. परत उघडलं. आता दोन नवीन भोकं, शेजारीशेजारी, साप चावल्यासारखी. लिव्हरखाली ट्यूब चिमटली होती. म्हणजे ही दोन मी स्वतः पाडलेली. बुटीबोरीच्या रस्त्यावरच्या दुकानदाराला मनातल्या मनात जरा कमी शिव्या दिल्या.

दुसऱ्या फेरीला ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा भरली, टायरच्या आत शंखजिऱ्याची पावडर शिंपडली आणि शेवटची वीतभर कड लिव्हरऐवजी अंगठ्यांनी चढवली. सुरुवात वॉलच्या बरोबर विरुद्ध बाजूने करायची, शेवट वॉलपाशी. रात्री नऊला चाक बसलं.

११ जून

बुधवारी सकाळी परत चपटं. पॅच शाबूत, भोक नवीन, जुन्या पॅचपासून दोन बोटांवर. आता मात्र ट्यूब उचलून सरळ काकांकडे.

"आत हात फिरवला का भाऊ?"

"फिरवला ना काका."

"काय भेटलं?"

"काहीच नाही."

"मंग नाई फिरवला. घरी वातीचा कापूस असन ना? घेऊन या. आणि टायर बी आणा."

आईच्या देवघरातून कापूस नेला. काकांनी त्याचा सैल बोळा केला आणि टायरच्या आतून हलकेच, कुरवाळल्यासारखा फिरवत गेले. पाव टायर झाला, अर्धा झाला. मग बोळा थबकला. एक धागा मागे राहिला होता, रबराला चिकटून, वाऱ्याने हलत. तिथे काकांनी टायर बाहेरून वाकवला, आणि आतल्या बाजूने तारेचं टोक वर आलं, केसापेक्षा जरा जाड, दोन मिलिमीटरसुद्धा नाही. माझं बोट तिथून तीनदा गेलं होतं. चाक सरळ असताना ते टोक रबरात लपतं, आणि गाडीवर वजन आलं, टायर चपटा झाला की डोकं वर काढतं.

पकडीने ओढून काढली. काळपट, पीळ असलेली, दीड सेंटिमीटर. काका म्हणाले, ही ट्रकच्या टायरची. ट्रकच्या रेडिअल टायरमध्ये पोलादी तारांचे थर असतात. टायर फुटला की चिंध्या रस्त्याच्या कडेला पडतात, रबर झिजून जातं आणि तारा सुट्या होतात. नागपुरात उत्तर-दक्षिण जाणारा ४४ क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात, देशभरचे ट्रक इथून जातात. वर्धा रोडच्या कडेला असल्या चिंध्या मी रोज पाहतो. त्यांच्यावरून गाडीही घालतो. घालत होतो.

काकांनी खडूने दुसरी गोष्ट शिकवली. टायर उघडायच्या आधी वॉलसमोर टायरवर खडूची रेघ मारायची. मग ट्यूबमध्ये भोक वॉलपासून जेवढ्या वितींवर, टायरमध्येही तेवढ्याच वितींवर शोधायचं, म्हणजे अख्खं चाक चाचपडावं लागत नाही. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असेल तर चोर टायरमध्ये. आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमची पट्टी सरकलीये. मी रविवारी यातलं काही केलं नव्हतं. पॅच लावणं सगळ्यांना येतं. मी चोराला घरात ठेवून दाराला कुलूप लावलं होतं.

तार बिस्किटाच्या डब्यात ठेवली. स्कूटरचा स्क्रूही त्यातच.

२ जुलै

पाऊस. शेजारच्या मुलाच्या सायकलची ट्यूब आणि काकांकडून मागून आणलेल्या दोन जुन्या ट्यूब घेऊन व्हरांड्यात बसलो. उद्देश एवढाच, की माझा पॅच कशाने सुटतो ते बघायचं. जूनमध्ये लावलेले तीनही टिकले. आज लावलेल्या पहिल्या दोनांच्या कडा नखाने उचलल्या गेल्या.

चूक माझ्या घाईत होती. सुलेशन म्हणजे ओलं असतानाच चिकटवायचा फेविकॉल नव्हे. त्यातला पातळ द्रव उडून गेला पाहिजे. मागे राहतो तो रबराचा थर, आणि पॅचच्या खालच्या मऊ थराशी त्याची रासायनिक जोड होते. गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं होतं हे चार्ल्स गुडइयरने १८३९ साली दाखवलं. थंड पॅचमध्ये तीच गोष्ट उष्णतेशिवाय, हळूहळू होते, म्हणून पॅच लावल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त घट्ट असतो. ओल्या सुलेशनवर पॅच ठेवला तर द्रव आत कोंडतो, जोड कच्ची राहते.

मे-जूनच्या उन्हात दीड-दोन मिनिटांत चमक जायची. आज दमट हवेत सात मिनिटं लागली. घड्याळ पाहून उपयोग नाही, चमक पाहायची. ओलं असतं तेव्हा ट्यूबलाइट त्यात दिसते, मग ती पुसट होते, मग दिसतच नाही. बोटाच्या मागच्या बाजूने टेकवून पाहिलं तर चिकट लागलं पाहिजे, पण तार सुटता कामा नये. बोटाच्या पोटाने टेकवायचं नाही, घाम नि तेल लागतं. घासून झाल्यावर फुंकरही मारायची नाही. मी फुंकर मारत होतो. तोंडातली वाफ गेली ना तिथे.

तिसरा, चौथा आणि पाचवा पॅच सुटेचना. पाचवा सोडवताना ट्यूब फाटली, पॅच जागेवर. बरं वाटलं.

२० जुलै

आज माझ्या गाडीचा मागचा टायर आणि हिच्या स्कूटरचा टायर, दोन्ही आतून पाहायचे. स्ट्रिप घर गाठायला उत्तम, पण बाहेरून ठोकलेल्या स्ट्रिपने आतल्या नुकसानाचं काही कळत नाही. पक्कं काम म्हणजे मशरूम: छत्री आणि दांडी एकत्र. छत्री आतून पॅचसारखी बसते, दांडी भोक भरते.

ट्यूबलेस घरी उघडता येतो, पण पायपंपाने सहसा परत बसवता येत नाही. कड रिमला टेकेपर्यंत हवा बाजूने पळून जाते. म्हणून काकांचा कंप्रेसर.

स्कूटरचं काम सरळ. मेमधली स्ट्रिप काढली, भोक साफ केलं, आतला थर हलक्या हाताने घासला (हा थर हवा अडवतो, तो खरवडून आतले दोरे दिसायला लागले तर टायर गेलाच समजा), सुलेशन, चमक जाईपर्यंत वाट, मग दांडी आतून बाहेर ओढली आणि छत्रीवर छोटा रोलर मधून कडेकडे फिरवला. बाहेर आलेली दांडी कापली. टायर चढवल्यावर काकांनी वॉलची पिन काढून टाकली आणि नळी लावली. पिन नसली की हवा एकदम घुसते. कडेला साबण. फटाक! एक बाजू. फटाक! दुसरी. मग पिन बसवून स्टिकरप्रमाणे हवा.

माझ्या टायरने मात्र तोंडचं पाणी पळवलं. चार स्ट्रिपा वीतभर जागेत, त्यातली एक जवळजवळ खांद्यावर, जिथे टायर वळतो. खांद्यावर आणि बाजूच्या भिंतीवर स्ट्रिप चालत नाही, तिथलं रबर सतत वाकतं. मधल्या दोन इतक्या शेजारी की मशरूमच्या छत्र्या एकमेकींवर चढल्या असत्या. काकांनी टायर बाजूला टाकला. "हा नाई चालवाचा आता."

मी तो घरी आणून कापला. एका भोकाभोवती आतून गंजाचा तपकिरी डाग होता आणि भोक तिरपं होतं. उरलेली तीन सरळ, स्वच्छ, डाग नसलेली. काकांना तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी उन्हात धरून पाहिला, परत दिला, आणि समोरच्या गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात बुडवायला घेतली. जरा वेळाने म्हणाले, "रीमर फिरवला की सगळेच भोकं सारखे दिसते. डाग पडला म्हणजे खिळा जुना होता, एवढंच." बरोबर आहे. तुकडा डब्यात ठेवला.

नवीन टायर. खर्चाचा आकडा बाबांना सांगितलेला नाही.

२३ ऑगस्ट

मारबतीची, म्हणजे 'रोगराई घेऊन जा' म्हणत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची, गर्दी पाहायला इतवारीत. परतताना पुढच्या चाकात काच, स्कूटरच्याच. पेटी डिक्कीत होती. रस्त्याच्या कडेला, ढोलाच्या आवाजात, बारा मिनिटं. बघ्यांपैकी एक पोरगा ओरडला, "पंक्चर घेऊन जा गे मारबत!" काच कापते, टोचत नाही, म्हणून भोक लांबट होतं. एक स्ट्रिप सैल वाटली, दुमडून जाड करून घातली. घरापर्यंत चाळीसच्या आत. दुसऱ्या दिवशी मशरूम.

१४ सप्टेंबर

काटोलला मामाकडे, स्प्लेंडरवर. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्याने (बांधावरून) जाताना बाभळीचा काटा. मामाने बाहेरून ओढला आणि दाखवला, "हा पाहा, निघाला." नाही निघाला. टोक मोडून आतच होतं. वॉलसमोर खडूची रेघ, ट्यूबचं भोक दीड वितीवर, टायर तिथेच वाकवला, कापसाचा बोळा. काळं, टोकदार, तिळाएवढं. मामीने देवघरातला कापूस दिला आणि विचारलं, "गाडीची पूजा कराची हाय काय?"

ट्यूबवर आता चार पॅच झाले. एक मामाच्या काट्याचा, एक त्या तारेचा, बाकी सगळी माझी स्वतःची करणी. परत आल्यावर नवीन ट्यूब घातली. चाक काढून, उघडून, बसवून पन्नास मिनिटं. जूनमध्ये तीन तास लागले होते.

बाबांनी जुनी ट्यूब फेकू दिली नाही. तिच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. कूलर यंदापुरता बंद करून प्लास्टिक गुंडाळायचं होतं, त्यावर त्यांनी त्या पट्ट्या ताणून बांधल्या. पॅच असलेला तुकडा मुद्दाम वर ठेवला. नखाने उचलून पाहिला, निघाला नाही.